मी अंडं फोडायची वाटी

मी एक वाटी बोलतेय. पत्र्याची, वर पांढरा इनॅमल चढवलेली, काठाला निळी रेघ असलेली साधी वाटी. माझा आवाज बारीक आहे, तेव्हा जरा जवळ सरकून ऐका. आणि बोलता बोलता मी गप्प झाले, तर समजा की कुठेतरी काहीतरी आपटलंय आणि माझ्या छातीत धस्स झालंय. मी जात्याच भित्री आहे.

भित्री का, तेही सांगते. माझा जन्म भट्टीतला. आधी यंत्राने पत्रा दाबून मला आकार दिला, मग पांढऱ्या पाण्यात बुचकळलं आणि भट्टीत ढकललं. बाहेर आले तेव्हा कारखान्यातल्या एका बाईने मला नखाने टिचकी मारून आवाज ऐकला आणि बाजूला ठेवलं. मग माझ्या शेजारच्या वाटीला टिचकी मारली. तिचा आवाज बद्द आला, तर तिला सरळ भंगाराच्या पेटीत भिरकावलं. डोळे उघडल्या उघडल्या असं काही बघितल्यावर माणसाचंही काळीज सशाचं झालं असतं, मी तर बापडी वाटी. अजूनही कुणाचं बोट माझ्याकडे आलं, की मी जीव मुठीत धरून बसते.

भांड्यांच्या दुकानात मी बरेच दिवस उलटी पडून होते. एक दिवस एक ठेंगणीशी, रुंद खांद्यांची बाई आली. तिने मला उचललं, टिचकी मारली आणि मग चक्क नाकाशी धरून हुंगलं.

"अहो बाई, वाटी आहे ती, फूल नाही," दुकानदार म्हणाला.

"असू दे. माझ्या नाकाला पटल्याशिवाय मी घरात काही आणत नाही."

ही आत्या. खरं म्हणजे ती फक्त एकाच माणसाची आत्या. बंदराजवळच्या गल्लीत तिच्या भाच्याची खाणावळ आहे. तो तिला "अगं आत्या, अगं आत्या" करत दिवसभर हाका मारतो, म्हणून गोदीतला मुकादम, देशोदेशीचे खलाशी, एवढंच काय, तिच्यापेक्षा वयाने मोठा असलेला पोस्टमनसुद्धा तिला आत्याच म्हणतो. भाचा लहान असताना त्याची आई गेली, मग बाप गेला. आत्याने त्याला वाढवलं आणि त्याने मोठा होऊन हिला स्वयंपाकघर दिलं. स्वयंपाकघरामागची खोली तिची. खोलीत ती फक्त झोपायला जाते. तिचं सगळं आयुष्य शेगडीपाशी.

माझं काम एकच. तव्यावर जाण्याआधी प्रत्येक अंडं माझ्यात फुटतं. बाकीचे आचारी अंडं थेट तव्यात फोडतात, पण आत्याला ते अजिबात खपत नाही. ती माझ्या काठावर अंडं आपटते, टक् असा आवाज होतो, अंडं माझ्यात उतरतं. मग ती मला नाकाशी नेते, एक श्वास घेते, मान हलवते. मान उभी हलली तर मला तव्याला टेकवून तिरकं करते आणि अंडं अलगद घसरून जातं. मान आडवी हलली तर अंडं बादलीत. कोंबडी आणि आग यांच्या मधलं शेवटचं ठाणं मी. केवढी जबाबदारी ही, आणि दिली कुणाला, तर माझ्यासारख्या भागूबाईला!

एक गंमत सांगते. माझ्यात असेपर्यंत सगळी अंडी सारखी दिसतात. मधे पिवळा बलक, भोवती पांढरं. पण तव्यावर गेलं की तेच अंडं कुणाचं होणार त्याप्रमाणे बदलतं. खाणावळीत माणसं येतात वेगवेगळ्या मुलखांतून, आणि प्रत्येकाला वाटतं की तळलेलं अंडं म्हणजे काय ते फक्त त्याच्या आईला कळत होतं.

एक येतो तो सहा महिने बर्फ पडणाऱ्या देशातून. त्याला आम्ही थंडीवाला म्हणतो. त्याचं अंडं मंद आचेवर, लोण्यात. पांढऱ्याच्या काठाला तपकिरी रंग दिसला की त्याचा चेहरा पडतो. भाजलेल्या पावावर अंडं ठेवून तो आधी सुरीने भोवतालचं पांढरं कापून खातो आणि बलक शेवटी एका घासात गिळतो. दुसरा तेलवाला. त्याच्या गावाला ऑलिव्हची झाडं आहेत म्हणे. त्याला अंडं भरपूर तेलात हवं, आणि चमच्याने कढत तेल वरून उडवत राहायचं, म्हणजे काठ जाळीदार होतात आणि चावताना वाजतात. ते वाजले नाहीत तर तो ताट परत पाठवतो. पूर्वेकडच्या बेटांवरचा एक भातवाला आहे, त्याला कडक आचेवरचं, कुरकुरीत बुडाचं अंडं गरम भातावर हवं असतं, आणि वर तो खिशातल्या बाटलीतून आंबवलेल्या माशाच्या पाण्याचे चार थेंब टाकतो. तीन मित्र आहेत, ते शिजत्या टोमॅटोत अंडी सोडून घेतात, झाकण ठेवायला लावतात आणि एकाच तव्यातून तिघं पाव बुडवून खातात. तव्याऐवजी वेगळ्या ताटल्या दिल्या तर त्यांना अपमान वाटतो. कुणी मक्याच्या पोळीवर अंडं ठेवून वर लाल मिरचीची चटणी ओततं आणि नाक पुसत पुसत खातं.

आणि एक आहे पालथोबा. त्याचं अंडं दोन्ही बाजूंनी उलटायचं, पण आतला बलक फुटता कामा नये. सरळ अंडं त्याला सोसत नाही. "ताटातून कुणीतरी डोळे वटारून बघतंय असं वाटतं, आत्या," असं तो सांगतो. एवढा दांडगा माणूस, पण अंड्याला घाबरतो. म्हणून मला तो आवडतो.

हे सगळे आपापसांत मोडकंतोडकं बोलत. प्रत्येकाचं म्हणणं असं, की दुसऱ्याचं अंडं हे अंडं नव्हेच. आत्या मात्र सगळ्यांचं ऐकून घेई आणि प्रत्येकाला त्याच्या घरचं अंडं देई. त्यासाठी ती मोजमाप काही करत नसे. लोणी तव्यावर कुठल्या क्षणी बदामी होतं, तेल केव्हा तापलं, मिरची करपायच्या आधी कधी उतरवायची, हे सगळं तिला नाक सांगे. खाणावळीत म्हणत, आत्याचं नाक म्हणजे तिसरा डोळा.

मग तो ताप आला.

आत्या चार-आठ दिवस खोलीत पडून होती. बरी झाली, उठली, केस विंचरले, पदर खोचला आणि शेगडीपाशी उभी राहिली. पहिलं अंडं माझ्यात फोडलं, मला नाकाशी नेलं आणि श्वास घेतला. मग पुन्हा घेतला. मग इतका जोरात घेतला की माझ्यातलं अंडं थरथरलं. मी तिचा चेहरा अगदी जवळून बघत होते. त्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं. तशी भीती मी जन्मापासून ओळखते.

तिने लसूण ठेचून हुंगला. व्हिनेगरची बाटली उघडून हुंगली. फडकं हुंगलं. शेवटी भातवाला विसरून गेलेली माशाच्या पाण्याची बाटली नाकाला लावली, जिच्यापासून मांजरदेखील चार हात लांब पळतं. काही नाही.

"काय गं आत्या, झालं का?" भाच्याने बाहेरून विचारलं.

"झालं झालं," ती म्हणाली. "तवा तापतोय."

भाचा पुढे गेल्यावर ती माझ्याकडे बघून हळूच पुटपुटली, "आता याला कळलं ना, तर खुर्चीत बसवील मला. म्हणेल, आत्या, पुष्कळ केलंस, आता आराम कर. प्रेमानेच म्हणेल मेला. आणि मग मी दिवसभर काय करू? भिंतीकडे बघू?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला म्हणाली, "तू बोलू नकोस हं कुठे."

मी कुठे बोलणार! पण त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

कारण ती नाटक करू लागली. अंडं फोडायचं, मला नाकाशी न्यायचं, श्वास घ्यायचा, मान हलवायची. सगळं हुबेहूब. बघणाऱ्याला वाटे, आत्याचं नाक पूर्वीसारखंच तिखट आहे. मला तेवढं ठाऊक होतं की त्या श्वासातून आत काहीच जात नाही. लोणी ती रंगावर ओळखू लागली, तेल आवाजावर. मिठाची चव कळेना, कारण नाकापाठोपाठ जीभही रुसली होती. मग ती कुणालातरी चमचाभर चाखायला देऊन म्हणे, "बघ रे, आज तुझ्या जिभेची परीक्षा." खलाशी पोरं खूश होत.

एकदा पहाटे वीज गेली. अंधारात तिला अंडं दिसेना आणि नाक तर नव्हतंच. एक अंडं माझ्यात उतरलं, पाण्यासारखं पातळ, सपाट बलकाचं, बुरसट. मला अंगभर किळस आली. मी ओरडत होते, टाक, टाक, बादलीत टाक! तिने मला नाकाशी धरलं, मान उभी हलवली आणि ते तव्यात सोडलं. पालथोबाने दुसऱ्या घासाला तोंड वाकडं केलं आणि दिवसभर पोट धरून बसला. जिवावरचं काही झालं नाही. पण भाच्याने अंडीवालीला दारातच गाठलं.

"नासकी अंडी खपवतेस होय आमच्याकडे?"

अंडीवाली काही ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती. "एखादं निघतं हो मालक, मी काय आत शिरून बघते? पण तुमच्याकडचं अंडं आत्याबाईंच्या नाकाखालून जातं ना? मग तेव्हा त्यांचं नाक कुठे गेलं होतं?"

आत्या दारामागे उभी होती. तिच्या तोंडचं पाणी पळालं. "अरे, सर्दी झालीये मला," ती म्हणाली, आणि लगेच दोनदा शिंकली. शिंकासुद्धा खोट्या.

त्यानंतर तिने नवी रीत धरली. अंडं फोडलं की मला घेऊन ती खिडकीशी जाई. उजेडात मला हळूच हलवे. बलक गोल, उंच उभा राहिला, पांढरं त्याला घट्ट बिलगून राहिलं, तर अंडं ताजं. पसरलं, तर बादलीत. मग परत येताना, कुणी बघत असलं तर, नाकाशी नेण्याचा देखावा. मला वाटलं, चला, निभावलं. निभावेल असंच.

आता मी त्या सकाळबद्दल सांगते. सांगताना अजून काठ गार पडतात.

हवा बोचरी होती. समुद्रावरून वारा सुटला होता म्हणून स्वयंपाकघराच्या खिडक्या घट्ट लावलेल्या. बंदरात मोठं जहाज लागलं होतं आणि सगळी मंडळी एकदम भुकेली येणार होती. नेमका सिलिंडर संपला. भाचा धावपळीत नवा सिलिंडर घेऊन आला, त्याने रेग्युलेटर बसवला, हात झटकले.

"आत्या, लावलाय. मी पाव घेऊन येतो, तू तोवर तवा ठेव."

तो गेला. इकडे जेवणघर भरू लागलं. खुर्च्या सरकल्या, बूट आपटले, हसणं, खोकणं, सगळा गोंगाट. स्वयंपाकघर आणि जेवणघर यांच्यामध्ये ताटं द्यायची खिडकी आहे, तिच्यातून तो आवाज आत येत होता. आत्याने तवा शेगडीवर ठेवला, लोण्याचा गोळा काढला, काडेपेटी जवळ घेतली आणि पहिलं अंडं माझ्यात फोडलं. चांगलं टवटवीत अंडं. मी निश्चिंत झाले.

मग मला तो वास लागला. मला नाक नाही, पण वास माझ्या अंगावर बसतो, इनॅमलवर. ओट्याखालून काहीतरी सरपटत वर येत होतं. ते माझ्यातलं नव्हतं.

ताटांच्या खिडकीतून पालथोबाने डोकं आत घातलं. "आत्या, वास मारतोय. पुन्हा नासकं अंडं निघालं वाटतं?"

आत्याचा हात थांबला. तिला काय वास येणार, कप्पाळ! पण तिने क्षणाचाही वेळ लावला नाही. मला उचललं, नाकाशी धरलं, डोळे मिटून श्वास घेतला आणि म्हणाली, "हो की रे! आलाय खरा. थांब, हे टाकते."

आणि ते चांगलं अंडं तिने बादलीत ओतलं.

मला ब्रह्मांड आठवलं. अगं बाई, हे अंडं नाही! हे दुसरंच काहीतरी आहे! पण वाटीचं कोण ऐकणार? तिने दुसरं अंडं फोडलं. तेही लखलखीत ताजं.

"अजून येतोय," पलीकडून तेलवाला ओरडला.

"हेही गेलेलं दिसतंय," आत्या म्हणाली, नाक मुरडून. नाक मुरडणंही इतकं झकास की कुणाला शंका यावी कशाला! दुसरं अंडं बादलीत.

बाहेर हशा पिकला. "आज अंडीवालीची खैर नाही," कुणीतरी म्हणालं. त्यांना सगळं पटलं होतं. आत्याच्या नाकाने सांगितलं म्हणजे संपलं. उठून बघायला कुणी येईना. आणि तो वास ओट्याच्या वर आला, माझ्या काठापर्यंत आला, तव्याभोवती जमला.

तिसरं अंडं घेऊन ती सवयीने खिडकीशी गेली. उजेडात मला हलवलं. बलक गोल, उंच, जागचा हलेना. ती बघत राहिली. मग वळून तिने बादलीत पाहिलं. तिथले दोन बलकही तसेच होते, न फुटलेले, ताठ. तिच्या कपाळावर आठी आली.

"ही तर चांगली आहेत," ती स्वतःशीच म्हणाली.

त्या क्षणी ती काय विचार करत होती ते मला कळलं, कारण ती पुटपुटत होती. "लोणी तापलं की दबेल सगळा वास. खातील गुपचूप. उगाच शोभा नको." तिने मला ओट्यावर ठेवलं. काडेपेटी उचलली. काडी काढली. काडीचं टोक पेटीच्या कडेला टेकलं.

माझी पाचावर धारण बसली. मी भट्टीतून आलेली आहे, आग म्हणजे काय ते मला सांगायला नको.

"आत्या, भूक लागली!" पालथोबा ओरडला.

तिचा हात तसाच राहिला. ती म्हणाली, "काय रे, वास कसा येतोय तुला? नीट सांग."

"नासक्या अंड्यासारखा. तुम्हाला येतोय ना?"

"छे छे," मागून थंडीवाला म्हणाला. "कोबी सडल्यावर आमच्याकडे असा वास येतो."

"कोबी कसला? लसूण कुजलाय लसूण," तेलवाला म्हणाला. "मघापासून मी हेच म्हणतोय, ऐकतं कोण?"

भातवाल्याने फक्त मफलर नाकावर ओढून घेतला. बाकीचे वाद घालू लागले, कोबी की लसूण. त्यांची ती रोजचीच सवय.

आत्या ओट्यापाशी उभी होती. एक हात काडीवर, एक हात पेटीवर. तिचा चेहरा पांढराफटक पडला. अंडी तिच्या डोळ्यांसमोर चांगली होती आणि वास मात्र येत होता, प्रत्येकाला वेगवेगळा आणि तिला मुळीच नाही. तिने हळूहळू, अगदी हळूहळू काडी पेटीपासून दूर नेली आणि माझ्यातल्या बलकात खुपसली. बलक फुटला. काडीचं डोकं पिवळ्यात बुडालं.

मग ती असं ओरडली, की मी माझ्या उभ्या आयुष्यात तसा आवाज ऐकला नव्हता.

"मला वास येत नाही! ऐकताय का रे? मला कसलाच वास येत नाही, तापापासून येत नाही! अंडी चांगली आहेत सगळी. गॅस आहे हा, गॅस! उठा, बाहेर व्हा! विडी-काडी फेका! दिव्याच्या बटणाला हात लावू नका कुणी!"

खुर्च्या उलटल्या. ताटल्या पडल्या. एकाच्या ओठांत सिगारेट होती, ती थंडीवाल्याने हिसकावून घेतली. धावत्या बुटांचा आवाज दारातून बाहेर गेला आणि जेवणघर रिकामं झालं. गोंगाट थांबला तेव्हा आत्याला तो आवाज ऐकू आला. ओट्याखालून, सुं... असा. इतका वेळ तो तिथेच होता. ती खाली वाकली, रेग्युलेटरची कळ फिरवली, आवाज बंद झाला. खिडक्या धडाधड उघडल्या. मला उचलून खिडकीच्या कठड्यावर ठेवलं आणि भिंत धरत धरत ती बाहेर गेली.

मी एकटी राहिले. आत तो वास आणि मी. मला वाटलं, आता भडका उडणार, आत्ता उडणार. वारा आत आला, पडदे हलले, पण वास जायला किती वेळ लागला म्हणून सांगू.

गल्लीत भाचा पावाची टोपली घेऊन आला. सगळी माणसं रस्त्यावर, आत्या गटाराच्या काठावर बसलेली. त्याने टोपली टाकली आणि धावत आत आला, श्वास कोंडून. त्याने रेग्युलेटर काढला. आत गॅस अडवणारा रबराचा वायसर नव्हता. तो आपल्या शर्टाचे खिसे चाचपू लागला. घाईत बसवायचा राहिलेला वायसर वरच्या खिशात निघाला. तो मुठीत धरूनच भाचा बाहेर गेला.

मग त्या कठड्याखालीच दोघांचं बोलणं झालं. मी सगळं ऐकलं.

"कधीपासून?"

"ताप येऊन गेला ना, तेव्हापासून."

"अगं, पण तू रोज वास घेत होतीस! मी बघत होतो!"

"नाक लावत होते रे. घेत नव्हते."

 भाचा एकदम चिडून म्हणाला, "आणि एवढी माणसं आत बसलेली असताना काडी हातात घेतलीस? काही झालं असतं तर? मी आलो असतो तर काय दिसलं असतं मला?" त्याचा आवाज फाटला. "उद्यापासून स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाहीस तू. एक पाऊलसुद्धा नाही."

"बरं," आत्या म्हणाली. एवढंच म्हणाली. तिने भांडावं असं मला वाटत होतं, पण ती सांडलेले पाव टोपलीत गोळा करू लागली.

दुसऱ्या दिवसापासून ती दारापाशी खुर्चीत बसू लागली. शेगडीपाशी भाचा. त्याने प्रत्येक अंडं सारखंच तळलं, अर्धवट करपलेलं, मधे गिळगिळीत. थंडीवाल्याने तपकिरी काठ बघून सुरी खाली ठेवली. तेलवाल्याने ताट परत पाठवलं, ते पुन्हा तसंच आलं. तिघा मित्रांना तीन ताटल्यांत अंडी मिळाली आणि ते एकमेकांकडे न बघता खाऊन गेले. आत्या खुर्चीतून हे बघे आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळी. तिला बघून मला माझी भीतीही विसरायला होई. इतकी वाईट अवस्था मी कुणाची बघितली नव्हती.

शेवटी पालथोबानेच तोंड उघडलं. ताटातलं अंडं त्याच्याकडे सरळ बघत होतं.

"मालक," तो म्हणाला, "नाकं आमच्याकडे ढीगभर आहेत. तिचे हात कुणाकडे आहेत?"

भाचा म्हणाला, "मला भीती वाटते."

"आम्हालाही वाटते. आम्हीच बसलो होतो आत."

 भाच्याने उलथनं खाली ठेवलं. मग तो दाराशी गेला आणि आत्याच्या खुर्चीपाशी उकिडवा बसला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. ती उठली, पदर खोचला आणि आत आली.

आता आमच्याकडे अशी रीत आहे. अंडं माझ्यात फुटलं, की आत्या मला ताटांच्या खिडकीतून बाहेर सरकवते आणि ज्याचं अंडं असेल त्याला म्हणते, "घे, हुंग." तो हुंगतो आणि सांगतो. कुणी नुसतं "ठीक" म्हणतो, कुणी पाल्हाळ लावतो. तेलवाला तर एकदा म्हणाला, पावसात भिजलेल्या कोंबडीच्या पंखांचा वास येतोय, आणि आत्या त्याला म्हणाली, "अजून सांग, अजून सांग," आणि रडली. तव्याची वेळ चुकली तरी त्या दिवशी कुणी काही बोललं नाही.

वायसर भाचा रोज स्वतः तपासतो, वाकून, दोनदोनदा. तो घाबरट झालाय. आता आम्ही तिघं घाबरट आहोत.

माझं म्हणाल तर इतक्या हातांतून फिरून फिरून माझा इनॅमल जागोजागी उडालाय. बुडाशी गंजाचा ठिपका आहे आणि तो वाढतोय. एक दिवस तिथे भोक पडेल आणि मी भंगारात जाईन, जन्मल्या दिवशी जी पेटी बघितली तसल्याच कुठल्यातरी पेटीत. त्याची भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण त्याहून मोठी भीती मला रोज सकाळी वाटते, शेगडी पेटायच्या आधी.

तेव्हा आत्या तवा ठेवते, काडी काढते आणि जेवणघराकडे तोंड करून हाक मारते, "येतोय का रे वास?" कुणी बोलण्यात गुंतलेलं असतं, कुणी पेंगत असतं, कुणाला वाटतं दुसरा सांगेल. कधी कधी लगेच उत्तर येत नाही. ती पुन्हा हाक मारत नाही, नुसती वाट बघते. त्या शांततेत माझा जीव टांगणीला लागतो.

म्हणून एवढंच मागणं आहे. तुम्ही कधी त्या खाणावळीत बसलात आणि आतून ती हाक आली, तर उत्तर द्या. येत असेल तर येतोय म्हणा, नसेल तर नाही म्हणा, पण मोठ्याने म्हणा. तोंडात घास असला तरी म्हणा. आत ती काडी हातात धरून उभी असते.